पडद्यावरचा चिनी माणूस

आज आपण सिनेमाबद्दल बोलणार आहोत, पण नट-नट्यांच्या गप्पा मारणार नाही. युद्धाच्या काळात सिनेमातून एखाद्या समाजाचं चित्र कसं रंगवलं जातं आणि ते कसं पालटतं, हे बघणार आहोत. गोष्ट अमेरिकेतली आहे, तिथल्या चिनी माणसांची.

अमेरिकेच्या पश्चिम भागात डोंगर फोडून रेल्वे नेली ती हजारो चिनी मजुरांनी. १८६९ मध्ये तो मार्ग पूर्ण झाला. पुढे कामं कमी झाली, तसे गोरे मजूर म्हणू लागले, हे लोक कमी पगारात राबतात आणि आमच्या पोटावर पाय आणतात. १८८२ मध्ये कायदाच झाला. चिनी मजुरांनी या देशात यायचं नाही, आणि आधीपासून राहणाऱ्या चिन्यांना नागरिकत्व मिळणार नाही. नवरा अमेरिकेत आणि बायको-मुलं चीनमध्ये, अशी कितीतरी घरं वर्षानुवर्षं दुभंगून राहिली.

सिनेमातला चिनी माणूस तेव्हा कसा होता? 'फू मांचू' नावाचा एक खलनायक फार गाजला होता. कपटी, क्रूर, जगावर राज्य करू पाहणारा. ज्यांनी प्रत्यक्षात चिनी माणूस कधी पाहिला नव्हता, त्यांना तोच खरा वाटायचा.

मग १९३७ मध्ये 'द गुड अर्थ' हा सिनेमा आला. लेखिका पर्ल बक यांच्या कादंबरीवरचा. त्यात दुष्काळ आहे, टोळधाड आहे, उपासमार आहे आणि या सगळ्यात घर सांभाळणारी ओ-लान नावाची शेतकरीण आहे. आपल्यालाही ती परकी वाटणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ओ-लानचं काम केलं लुइझ रायनर या युरोपातून आलेल्या गोऱ्या नटीनं, आणि तिला ऑस्कर मिळालं. अमेरिकेतच जन्मलेली चिनी वंशाची नामवंत नटी ॲना मे वाँग हिला मात्र ती भूमिका मिळाली नाही. चिनी बाई पडद्यावर आवडली, पण तिथे चिनी नटीला जागा नव्हती.

डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली. चीन आधीपासूनच जपानशी लढत होता. एका रात्रीत चिनी माणूस मित्र झाला आणि जपानी माणूस शत्रू. दोन आठवड्यांत 'लाइफ' या मोठ्या साप्ताहिकानं चिनी चेहरा कोणता आणि जपानी कोणता, हे फोटोंवर खुणा करून शिकवलं. मार खायला लागू नये म्हणून काही चिनी लोक 'मी चिनी आहे' असे बिल्ले लावून फिरू लागले. आणि सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले बहुतेक अमेरिकेचे नागरिकच होते.

१९४३ मध्ये चिन्यांवरचा जुना कायदा रद्द झाला. आपले मित्र म्हणवता आणि त्यांना दारात उभं करत नाही, हे जपान सगळ्या आशियाला सांगत होता. ते तोंड बंद करणं भाग होतं. पण वर्षाला किती चिन्यांना येऊ द्यायचं ठरलं? फक्त १०५.

पुढच्या वर्षी सैन्यासाठी 'द बॅटल ऑफ चायना' हा माहितीपट आला. फ्रँक काप्रा यांच्या देखरेखीखाली बनलेल्या मालिकेतला हा एक. कारखान्यांची यंत्रं खांद्यावरून दूर नेणारी माणसं, हातांनी डोंगरात रस्ता खोदणाऱ्या बायका आणि मुलं, हे त्यात दिसतं. ते कष्ट खरेच होते. पण चीनमधल्या दोन पक्षांचं आपसातलं वैर मात्र गाळलं होतं. मित्राचं चित्रसुद्धा गरजेपुरतंच काढलं होतं.

१९५० मध्ये कोरियाच्या युद्धात चिनी सैन्य अमेरिकेसमोर आलं आणि चित्र पुन्हा फिरलं. लाँड्री चालवणारा, खानावळ चालवणारा चिनी माणूस पुन्हा संशयित झाला. त्यानं स्वतः काहीच केलेलं नव्हतं.

मैत्रिणींनो, हे फक्त तिकडेच घडलं असं समजू नका. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चिनी जखमींच्या सेवेला गेले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला. चिनी पत्नी झाली होती जयश्री. पुढे १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं. आपल्या जवानांचं बलिदान खरं होतं, दुःख खरं होतं. पण त्याच वेळी पिढ्यान्‌पिढ्या आसामात, दार्जिलिंगकडे राहणाऱ्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. त्यात लेकुरवाळ्या बाया होत्या, म्हातारी माणसं होती. काहींची तर वर्षं तिथे गेली.

सरकारांचं भांडण सरकारांशी असतं. ते आपल्या शेजारणीच्या चेहऱ्यावर चिकटवायचं नाही.

आता सिनेमा आपल्या हातातल्या मोबाइलवर येतो. एखाद्या जातीबद्दल, धर्माबद्दल, परप्रांतातून आलेल्या मजुरांबद्दल राग आणणारा व्हिडिओ आला, तर पुढे पाठवण्याआधी गटाच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. हा कुणी बनवला? आत्ताच का आला? यातलं काय गाळलं आहे? आणि चौथा स्वतःला विचारा. या समाजातल्या किती जणींच्या घरी मी चहा प्यायले आहे?