पेन्शनीचा दिवस

महिन्यातून एक दिवस आमचा आजा पहाटे तीनलाच उठायचा. चुलीवरच्या ऊन पाण्यानं दाढी, मग खाकी पँट, पांढरा सदरा, वर पलटणीतला जुना स्वेटर आणि रात्रीच घासून ठेवलेले बूट. एरवी लंगोटी नेसून चिखलात भात लावणारा माणूस त्या दिवशी ताठ दिसायचा. आजी म्हणायची, "निघाला नवरदेव म्हाडाला." तो पेन्शनीचा दिवस.

आमचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. ही गोष्ट साठ-बासष्ट सालानंतरची. पेन्शन घ्यायला महाडच्या कचेरीत जावं लागायचं. हमरस्त्यापर्यंत दोन तास पायी, मग यष्टी. सुट्टी असली की आजा मला बरोबर न्यायचा. महाडला भजी मिळायची, म्हणून मीही उठायचो.

गावाच्या वेशीवर पिंपळाखाली दुसरे एक पेन्शनर कंदील घेऊन उभे असायचे. ते महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून सुटलेले. आजा मराठा पलटणीतला नाईक. म्हणजे पट्ट्यांचा हिशोब केला तर हवालदार वरचे. इथे मी मुद्दाम 'ते' लिहितोय. लहानपणी आम्ही पोरंसुद्धा त्यांना 'तो' म्हणायचो आणि गावात त्यांचं नाव अर्धंच घेतलं जायचं.

वेस ओलांडली की मात्र आजाची भाषा बदलायची. "चला हवालदारसाहेब." यष्टीत दोघं एका बाकावर. कचेरीच्या ओट्यावर पेन्शनरांची रांग लागायची, पोलादपूरपासून दासगावपर्यंतचे सगळे. मराठे, महार, चांभार, मुसलमान. तिथे जात विचारायचं कारणच नसे. "कुठली पलटण?" "केरनला होतास काय?" "बर्मा का इटली?" एवढीच ओळख. पैसे हातात पडले की दोघं हॉटेलात एका टेबलावर चहा घ्यायचे आणि बिलासाठी भांडायचे.

संध्याकाळी परत पिंपळाखाली आलो की हवालदार थांबायचे. आजा पुढे आमच्या आळीत, ते खाली त्यांच्या वाडीत. आळीत कधी काही कामानं आलेच तर अंगणातच उभे राहायचे. आजी वरून पाणी ओतायची, ते ओंजळीनं प्यायचे. आजा ओटीवर बसून बघायचा. सकाळचे 'हवालदारसाहेब' तोवर संपलेले असायचे.

हे मला बरीच वर्षं खटकलं नाही. खटकलं तेव्हा फार उशीर झाला होता. पण त्यामुळे मी आमच्या भागातल्या शिपायांचा इतिहास धुंडाळू लागलो.

आमच्याकडे पलटण ही हौस नव्हती. जमीन उताराची, वरकस. पावसाळ्यात भात, नाचणी, वरी. दिवाळीनंतर हाताला काम नाही. मग एक वाट मुंबईच्या गिरणीत जायची, दुसरी पलटणीत. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आमच्याच तालुक्यात आणि रायगड महाडच्या डोक्यावर, त्यामुळे शौर्याच्या गोष्टी आम्हाला नाचणीच्या भाकरीबरोबर मिळाल्या हे खरं. पण भरतीच्या रांगेत पाय नेले ते पोटानं. महाड तालुक्यातल्या एका आंबवड्याला तर लोक 'फौजी आंबवडे' म्हणूनच ओळखतात. पिढ्यान्‌पिढ्या घरटी शिपाई. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, ते मंडणगड तालुक्यातलं. लोक या दोन नावांची गल्लत करतात म्हणून सांगून ठेवतो.

पहिल्या महायुद्धाला म्हातारी माणसं 'बसऱ्याची लढाई' म्हणत. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ वेढा चालला. दाणागोटा संपला, घोडे मारून खायची पाळी आली आणि शेवटी शरणागती. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात किती गळाले ते गळाले. इकडे घरच्यांना महिनोन्‌महिने खबर नाही. कुंकू लावायचं की पुसायचं हे न कळणाऱ्या बायका गावोगाव होत्या. युद्धानंतर सरकारनं अशा गावांत दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नावं नाहीत, नुसते आकडे.

दुसऱ्या युद्धात आजा होता. पाचव्या मराठ्याच्या तिसऱ्या पलटणीत. १९४१ च्या मार्चमध्ये आफ्रिकेत केरनच्या डोंगरावर ही पलटण चढली. आजा म्हणायचा, "आपल्या डोंगरासारकाच डोंगर. फकस्त झाड नाय नि पानी नाय." लढाईबद्दल तो यापलीकडे बोलायचा नाही. इटलीतलं बर्फ, डब्यातलं मांस, द्राक्षांचे मळे, यावर मात्र तासभर.

त्याच पलटणीत माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे होते. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. ते एकटे सोडून तुकडीतले सगळे पडले, कोणी मेले, कोणी जखमी. घाडगे एकटे धावत गेले, हातबाँब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळीनं उडवलं. बंदुकीत गोळ्या भरायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानंच मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या मोर्चावरच ते गेले. वय बावीस. देहही सापडला नाही, इटलीत कासिनोच्या स्मारकावर नाव तेवढं आहे. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हाती आला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आजा यष्टीतून त्या बाजूला गेला की टोपी काढायचा.

हे एक शौर्य झालं. त्याला बिल्ला असतो, पुतळा असतो. आमच्याच मातीत दुसऱ्या एका शौर्याची गोष्ट आहे, तीही पेन्शनरांचीच. ती मला आजानं कधी सांगितली नाही.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई पहिल्यापासून होते. फौजेत मुलांना शाळा होती. पेन्शन घेऊन आलेला महार शिपाई लिहायला-वाचायला शिकून यायचा आणि दापोलीच्या कॅम्पात किंवा दासगावसारख्या गावी राहायचा. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच. १८८६ ला ते फौजेतून सुटले, दापोलीला राहिले आणि बंदूक ठेवून लेखणी उचलली. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा माणूस. १८८८ ला त्यांनी 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक काढलं. शिवाशिवीला आधार काय, असा थेट सवाल त्यांनी वरच्या जातींना टाकला. १८९५ ला सरकारनं त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमलं, तर बाकीचे सभासद त्यांच्याबरोबर बसायला तयार होईनात. ज्या माणसानं सरकारच्या फौजेत उमेदीची वर्षं काढली, त्याच्या खुर्चीवरून महाडात गदारोळ.

त्याच सुमारास, १८९२ पासून, महारांची लष्करभरतीच बंद झाली. 'लढाऊ जाती' नावाचं खूळ साहेबाच्या डोक्यात शिरलं होतं आणि त्यात महार बसत नव्हते. वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज तयार केला. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनीही खटपट केली. काही झालं नाही. बंदीनं नुसती नोकरी गेली नाही. शाळा गेली, पेन्शन गेली, गावात ताठ चालण्याचं कारण गेलं. पहिल्या युद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध सरलं आणि १९२१ ला तीही मोडली.

ही मोडलेल्या पलटणीतली माणसं गावी आली, त्यानंतर सहाच वर्षांनी महाडचं चवदार तळं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा १९२४ चा. पण ठराव कागदावर आणि तळ्यावर तेच जुनं. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावात वाढलेले रामचंद्र मोरे तिची जमवाजमव करणाऱ्यांत पुढे होते. भाषणात बाबासाहेबांनी लष्करी पेशाचे ते दिवस आणि भरतीबंदीनं झालेली अवनती यांची आठवण दिली. दुसऱ्या दिवशी सगळे शिस्तीत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली. मंडपात जेवत असलेल्यांवर, रस्त्यानं गावी निघालेल्यांवर लाठ्या पडल्या. परिषदेला आलेल्यांत युद्धावरून आलेले कितीतरी शिपाई होते. मनात आणलं असतं तर महाडात काय झालं असतं ते सांगायला नको. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं आणि ते आवरले.

हे मी पुस्तकात वाचलं आणि एका मे महिन्यात खाली वाडीत गेलो. आजा जाऊन दोन वर्षं झाली होती. तोवर सगळे बौद्धवाडी म्हणू लागले होते. हवालदार ओट्यावर बसले होते, डोळ्यांनी कमी दिसत होतं. मी तळ्याचा विषय काढला तसे सावरून बसले.

"माजा बाप व्हता त्या मांडवात. एकशे अकरातला. डोकं फुटलं त्याचं. आमी लहान, आयेनं हळद भरली."

"मग त्यांनी उलट हात नाही टाकला?"

"हुकूम नव्हता. सायबानं सांगितलं, हात उगारायचा नाय. शिपायाला हुकूम म्हंजे हुकूम." थोड्या वेळानं म्हणाले, "बाप म्हनायचा, बसऱ्याला गोळी खानं सोपं. समोर दुश्मन असतो. हितं समोर आपल्याच गावची मानसं."

त्या तळ्याचा निकाल हायकोर्टात १९३७ च्या मार्चमध्ये लागला, दहा वर्षांनी. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. हवालदार पुढच्याच वर्षी भरती झाले. "बापानंच नेलं बेळगावला. म्हनाला, दार उघडलंय, घुस."

मग मी आजाचं विचारलं. एवढी वर्षं बरोबर महाडला गेलात, कसा होता माझा आजा?

"चांगला. लई चांगला. यष्टीत मला खिडकीजवळ बसवायचा. मी आजारी पडलो तवा माझ्या पेन्शनीसाठी कचेरीत भांडला." मग नजर पिंपळाकडे लावून म्हणाले, "पन पान्याला कधी आला नाय."

रागानं नाही म्हणाले. रांगेत हजेरी सांगावी तसं म्हणाले.

आजाच्या पत्र्याच्या ट्रंकेत चार बिल्ले आहेत. केरनच्या डोंगरावर गोळ्यांखालून चढलेला माणूस तो. पिंपळापासून ती वाडी फर्लांगभर खाली. तेवढं अंतर त्याच्यानं उतरवलं नाही. मी त्याला भित्रा म्हणणार नाही, म्हणायचा मला हक्कही नाही. मीही तिथे पहिल्यांदा गेलो तो आजा गेल्यावर आणि पुस्तक वाचल्यावर.

हवालदारांच्या सुनेनं तांब्या आणून ठेवला. मी पाणी प्यालो. त्यानं काही फिटलं नाही. फक्त उठताना मी त्यांना, आमच्या घरातून गावाच्या हद्दीत पहिल्यांदाच, 'येतो हवालदारसाहेब' म्हणालो.