ब्राउझरची कुळकथा आणि आपली लिपी



गोव्याच्या भूमीवर मुद्रणयंत्र उतरले ते १५५६ साली. त्यानंतर साठ वर्षांनी, १६१६ साली, राचोल येथे फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. भाषा मराठी, छंद ओवीचा. परंतु अक्षरे मात्र रोमन, कारण छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. हाच ग्रंथ देवनागरीत मुद्रित होण्यास १९५६ साल उजाडावे लागले. म्हणजे मराठी ग्रंथाला छापील रूपात आपल्या लिपीत येण्यास ३४० वर्षे लागली! यंत्र घरात आले म्हणजे भाषेची सोय आपोआप होते असे नाही, हा या हकीकतीचा बोध. आज ज्याच्याविषयी बोलावयाचे त्या ब्राउझरच्या इतिहासातही हाच बोध दडलेला आहे.

ब्राउझर म्हणजे काय, याविषयी अनेकांच्या मनात गोंधळ असतो. कोणी इंटरनेटलाच ब्राउझर म्हणतात, तर कोणी गूगलला. वास्तविक इंटरनेट हा रस्ता, संकेतस्थळ हे त्या रस्त्यावरचे घर, आणि ब्राउझर हे आपल्याला त्या घरापर्यंत नेऊन तेथील मजकूर वाचून दाखविणारे साधन. क्रोम, फायरफॉक्स, सफारी ही अशा साधनांची नावे होत. गूगल हा मुख्यतः पत्ता शोधून देणारा वाटाड्या. आणि वाटाड्याने दाखविलेले प्रत्येक घर सज्जनाचेच असेल, अशी हमी तो देत नाही.

या साधनाचा जन्म जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत झाला. शास्त्रज्ञांची टिपणे एकमेकांना सहज वाचता यावीत, या हेतूने टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली एक योजना मांडली आणि १९९० साली पहिला ब्राउझर सिद्ध केला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही विद्या कोणताही मोबदला न घेता सर्वांना खुली केली. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून ‘मोझॅक’ आला व मजकुराच्या शेजारी चित्रे दिसू लागली. १९९४ साली नेटस्केप आणि १९९५ साली मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. त्याच १९९५ सालच्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढे २००४ मध्ये फायरफॉक्स व २००८ मध्ये क्रोम आला. आणि एके काळी सर्वत्र राज्य करणारा एक्सप्लोरर २०२२ साली निवृत्त झाला.

यंत्र आले, पण मराठीचे काय? प्रारंभीच्या मराठी पानांवर इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. तो विशिष्ट फॉन्ट आपल्या संगणकात नसेल, तर संपादकीयाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रास दिसे. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. परंतु तो क्रमांक ओळखणारी यंत्रे घरोघरी पोचण्यास आणखी बरीच वर्षे गेली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. ऑगस्ट २०१४ मध्ये संकेतस्थळाचा पत्तादेखील देवनागरीत लिहिण्याची सोय ‘डॉट भारत’मुळे झाली. फादर स्टीफन्स यांच्यापाशी खिळे नव्हते, आपल्यापाशी आहेत. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी कळफलक जोडावा व शोध देवनागरीतच घ्यावा. मराठीतून विचारणारेच नसतील, तर मराठीतून लिहिणारे तरी कोणासाठी लिहितील?

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. त्याही इतिहासातूनच उमगतात. १९९४ साली नेटस्केपमध्ये ‘कुकी’ ही युक्ती निघाली. संकेतस्थळाने आपल्याला पुन्हा ओळखावे म्हणून ब्राउझरमध्ये ठेवलेली ती लहानशी चिठ्ठी होय. खात्यात एकदा प्रवेश केला की पुढच्या पानावर पुन्हा परवलीचा शब्द द्यावा लागत नाही, तो या चिठ्ठीमुळे. म्हणूनच कारापूरचा एखादा विद्यार्थी साखळीतल्या झेरॉक्सच्या दुकानात शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, तेव्हा काम संपल्यावर नुसती खिडकी मिटणे पुरेसे नाही. आधी खात्यातून बाहेर पडावे. परवलीचा शब्द जतन करू का, असे ब्राउझरने विचारल्यास नकार द्यावा. त्याहून बरे म्हणजे आरंभीच ‘खाजगी’ खिडकी उघडावी. ती मिटताच चिठ्ठ्या व भेटींची नोंद पुसली जाते. मात्र उतरवून घेतलेली कागदपत्रे संगणकातच राहतात. ती आठवणीने पुसावीत. तसेच आपण कोठे गेलो हे जोडणी पुरविणाऱ्यापासून लपते, असा समज करून घेऊ नये.

दुसरी गोष्ट कुलपाच्या चिन्हाची. आपला मजकूर वाटेत कोणी वाचू नये, एवढीच त्या कुलपाची ग्वाही. घरमालक प्रामाणिक आहे, असे ते सांगत नाही. ठकाचे घरही कुलूपबंद असू शकते. लोकांचा असा गैरसमज होतो म्हणूनच क्रोमने २०२३ साली ते चिन्ह काढून टाकले. खरी परीक्षा पत्त्याची. आरंभीच्या दोन तिरक्या रेघांनंतर पुढे जी एकटी तिरकी रेघ येते, तिच्या अगदी आधीचे शब्द वाचावेत. घरमालकाचे नाव तेथे असते. बहुतेक सरकारी पत्ते तेथे ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ या शब्दांनी संपतात. बँकेचा दूरध्वनी क्रमांक शोधयंत्रात शोधू नये. तो पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरून घ्यावा. बँकेचा खरा पत्ता एकदा खात्री करून खूणपानात ठेवावा आणि नेहमी तेथूनच जावे. इतके करूनही फसगत झालीच, तर लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. विलंबाबरोबर पैसे परत मिळण्याची आशा घटत जाते.

तिसरी गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी. अक्षर बारीक वाटल्यास चष्म्याला दोष देण्यापूर्वी संगणकावर कंट्रोल व अधिकचे चिन्ह दाबावे. पान मोठे होते. लांबलचक सूचनेत आपल्या गावाचे नाव हवे असल्यास कंट्रोल व ‘एफ’ दाबून ते लिहावे. फोनवर हीच सोय ब्राउझरच्या मेनूत ‘पानात शोधा’ या नावाने असते. आणि ब्राउझर नवी आवृत्ती मागेल तेव्हा ती सेटिंगमधून वा फोनच्या अधिकृत दुकानातूनच घ्यावी. वाटेत उगवलेल्या जाहिरातीवरून नव्हे.

तात्पर्य, सर्नने ही विद्या फुकट दिली. ती वापरण्याचा विवेक मात्र ज्याचा त्याने कमवावयाचा आहे. पत्ता वाचूनच आत जावे, आणि आत गेल्यावर आपल्या लिपीत बोलावे.