किकऑफला पर्याय काय? अमेरिकन फुटबॉलमधील नियमबदलांचा मागोवा

अमेरिकन फुटबॉलचा सामना ज्या किकने सुरू होतो, ती किक खेळातून वगळावी की तिचे रूप पालटून ती राखावी, हा वाद अमेरिकेत गेली दीड दशके चालू आहे. या वादाच्या मुळाशी खेळाडूंच्या मेंदूला आणि मणक्याला होणाऱ्या गंभीर दुखापती आहेत. नॅशनल फुटबॉल लीग म्हणजेच एनएफएलने २०२४ मध्ये किकऑफची जुनी रचना मोडून नवी आणली आणि २०२५ मध्ये ती कायम केली. मात्र या निर्णयापूर्वी अनेक प्रस्ताव पुढे आले, काही फेटाळले गेले, तर काही अन्य स्पर्धांत अजमावले गेले.

किकऑफ म्हणजे काय?

हा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून सर्वस्वी वेगळा असून त्याचे नाते रग्बीशी अधिक जवळचे आहे. मैदान १०० यार्ड लांब असते आणि दोन्ही टोकांना १० यार्डांचा एंड झोन असतो. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात उतरतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. या प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. दोन्ही बाजूंची आपापल्या गोलरेषेपासून मध्यरेषेपर्यंत ५० यार्डांची मोजणी होते. संघ ‘स्वतःच्या २५ यार्डांवर’ आहे म्हणजे तो आपल्या गोलरेषेपासून २५ यार्ड पुढे आहे.

सामन्याचा व उत्तरार्धाचा आरंभ किकऑफने होतो. टचडाउन किंवा फील्ड गोल झाल्यानंतरही गुण मिळवणारा संघ किकऑफनेच चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे धाडतो. प्रतिस्पर्धी तो झेलून धावत सुटतो आणि किक मारणारा संघ त्याला अडवतो. चेंडू एंड झोनमध्येच थांबवला, तर त्याला ‘टचबॅक’ म्हणतात. अशा वेळी चेंडू ठरावीक रेषेवर ठेवून खेळ पुढे सुरू होतो.

किकऑफचा आणखी एक उपयोग आहे. चेंडू १० यार्ड पुढे गेला की किक मारणारा संघही तो ताब्यात घेऊ शकतो. सामना हातचा निसटू लागला की मुद्दाम आखूड मारलेली अशी ‘ऑनसाइड किक’ हाच पिछाडीवरील संघाचा शेवटचा आधार असतो. चेंडू सोपवणे आणि पिछाडीवरील संघाला संधी देणे ही दोन्ही कामे एकाच किकऑफमधून साधतात. म्हणूनच त्याला पर्याय शोधणे अवघड ठरले.

धोका कशात आहे?

जुन्या किकऑफमध्ये किक मारणाऱ्या संघाचे दहा खेळाडू ४० ते ५० यार्ड भरधाव धावत जात आणि समोरून तितक्याच वेगाने येणाऱ्यांवर आदळत. खेळाच्या अन्य प्रसंगी दोन्ही संघ समोरासमोर अगदी जवळ उभे असतात, त्यामुळे टक्कर होण्यापूर्वी वेग घेण्यास वाव नसतो. किकऑफमध्ये तो भरपूर मिळे.

हा धोका नवा नाही. १८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्धच्या सामन्यात ‘फ्लाइंग वेज’ ही रचना आणली. लोरिन डीलँड यांनी ती योजली होती. खेळाडू लांबून धावत येऊन पाचरीच्या आकारात एकत्र होत आणि प्रतिस्पर्ध्यांवर तुटून पडत. इतक्या दुखापती झाल्या की १८९४ मध्ये तिच्यावर बंदी आली.

अलीकडच्या काळातील दोन घटनांनी हा विषय पुन्हा ऐरणीवर आणला. सप्टेंबर २००७ मध्ये बफलो बिल्सच्या केव्हिन एव्हरेट यांच्या मानेच्या मणक्याला किकऑफच्या वेळी गंभीर इजा झाली. पुढे ते चालू लागले. १६ ऑक्टोबर २०१० रोजी न्यू जर्सीत आर्मी संघाविरुद्ध खेळताना रटगर्स विद्यापीठाचे एरिक लग्रँड यांना किकऑफवरील टॅकलमध्ये मानेखाली पक्षाघात झाला.

शियानो यांचा प्रस्ताव

लग्रँड यांचे प्रशिक्षक ग्रेग शियानो यांनी या घटनेनंतर किकऑफ पूर्णतः रद्द करण्याची कल्पना मांडली. गुण मिळवणाऱ्या संघाला स्वतःच्या ३० यार्डांवर चेंडू द्यावा. डाउन चौथा असावा आणि त्याला १५ यार्ड सर करायचे असावेत, असा हा प्रस्ताव होता. बहुतेक वेळा तो संघ ‘पंट’ करून, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू लांब टोलवून, तो प्रतिस्पर्ध्याकडे पाठवील. पंटच्या वेळी दोन्ही संघ एकमेकांना भिडूनच सुरुवात करतात, त्यामुळे समोरासमोरची भरधाव टक्कर बऱ्याच अंशी टळते. चेंडू राखण्याची निकड असलेला संघ पंटऐवजी एका प्रयत्नात १५ यार्ड गाठण्याचे धाडस करील. अशा रीतीने किकऑफची दोन्ही कामे एकाच नियमात बसत होती.

शियानो पुढे टँपा बे बकनिअर्सचे प्रशिक्षक झाले. डिसेंबर २०१२ मध्ये एनएफएलचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी ‘टाइम’ नियतकालिकाशी बोलताना या कल्पनेचा उल्लेख केला आणि ती देशभर चर्चेत आली. एनएफएलने मात्र ती संपूर्ण रूपात कधीही स्वीकारली नाही.

किकऑफ टाळण्याचे प्रयत्न

एनएफएलने आधी किकऑफ राखून धावा कमी करण्याचा मार्ग धरला. २०११ मध्ये किकची जागा ३० यार्डांवरून ३५ यार्डांवर आली. चेंडू एंड झोनपर्यंत सहज पोहोचू लागला आणि टचबॅकचे प्रमाण एका हंगामात सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांपर्यंत चढले. २०१६ मध्ये टचबॅकनंतरची जागा २० वरून २५ यार्डांवर नेण्यात आली. २०१८ मध्ये किक मारणाऱ्या संघाला पळत येऊन सुरुवात करण्यास मनाई झाली.

महाविद्यालयीन पातळीवर आयव्ही लीगने २०१६ मध्ये आपल्या अंतर्गत सामन्यांत किकची जागा ३५ वरून ४० यार्डांवर नेली आणि टचबॅकची जागा २५ वरून २० यार्डांवर आणली. त्यापूर्वीच्या हंगामात तेथे एकूण प्रयत्नांपैकी किकऑफ अवघे ६ टक्के होते. मेंदूला धक्का बसण्याच्या घटनांपैकी २१ टक्के मात्र त्यांतच घडल्या होत्या. बदलानंतर या घटनांचा दर हजार किकऑफमागे सुमारे ११ वरून २ वर आला. हा अभ्यास २०१८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉल या २०१९ मधील अल्पजीवी स्पर्धेने किकऑफ सरळ काढून टाकला. चेंडू थेट २५ यार्डांवर ठेवला जाई आणि ऑनसाइड किकऐवजी स्वतःच्या २८ यार्डांवरून चौथ्या डाउनला १२ यार्डांचे आव्हान असे. हंगाम पुरा होण्यापूर्वीच ही स्पर्धा बंद पडली.

एक्सएफएलची वाट

२०२० मध्ये पुन्हा सुरू झालेल्या एक्सएफएलने किकऑफ ठेवला. काढून टाकली ती फक्त मधली धाव. दोन्ही संघांचे खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला एकमेकांपासून केवळ पाच यार्डांवर उभे राहत. किक मारणारा तेवढा मागे असे. चेंडू झेलला जाईपर्यंत इतरांना जागचे हलता येत नसे. धाव घेणाऱ्याची चुरस शिल्लक राहिली आणि वेगाची टक्कर गेली.

एनएफएलचा निर्णय

२०२३ च्या हंगामात एनएफएलमधील पाच किकऑफपैकी जेमतेम एकावर प्रत्यक्ष धाव घेतली गेली. फेब्रुवारी २०२४ मधील सुपर बोल सामन्यात तर एकाही किकऑफवर धाव झाली नाही. पुढच्याच महिन्यात, २६ मार्च रोजी, संघमालकांनी २९ विरुद्ध ३ मतांनी एक्सएफएलच्या धर्तीवरील नवा किकऑफ एका वर्षासाठी मंजूर केला.

नव्या नियमानुसार किक ३५ यार्डांवरूनच मारली जाते, परंतु त्या संघाचे उरलेले दहा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या ४० यार्डांच्या रेषेवर उभे राहतात. झेलणाऱ्या संघाचे किमान नऊ खेळाडू ३० ते ३५ यार्डांच्या पट्ट्यात असतात. गोलरेषा ते २० यार्ड हा चेंडू पडण्याचा पट्टा. तेथे किंवा एंड झोनमध्ये चेंडू जमिनीला अथवा खेळाडूला लागेपर्यंत कोणी हलायचे नाही. चेंडू या पट्ट्याच्या अलीकडेच पडला, तर प्रतिस्पर्ध्याला ४० यार्डांवर सुरुवात मिळते.

पहिल्या वर्षी चेंडू थेट एंड झोनमध्ये मारल्यास टचबॅक ३० यार्डांवर होता. अनेक संघांना धाव रोखण्याच्या जोखमीपेक्षा हा सौदा परवडला. तरीही धाव घेतली जाण्याचे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवर गेले आणि किकऑफवरील मेंदूच्या धक्क्यांचा दर ४३ टक्क्यांनी घटल्याचे लीगने जाहीर केले. २०२५ मध्ये नियम कायम करताना टचबॅक ३५ यार्डांवर नेण्यात आला आणि टचबॅकचा मोह ओसरला.

ऑनसाइड किकचा प्रश्न

या सर्व सुधारणांत ऑनसाइड किकचा बळी गेला. २०१८ पूर्वी साधारणतः पाचपैकी एक ऑनसाइड किक यशस्वी होई. नंतर हे प्रमाण दहात एकाच्याही खाली घसरले. फेब्रुवारी २०१० च्या सुपर बोलमध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सने उत्तरार्धाच्या आरंभी अनपेक्षित ऑनसाइड किक मारून सामन्याचे पारडे फिरवले होते. आता ती आधी जाहीर करूनच मारावी लागते, त्यामुळे त्यातील अनपेक्षितपणाच संपला आहे.

शियानो यांच्या कल्पनेचा उत्तरार्ध येथे पुन्हा डोके वर काढतो. डेन्व्हर ब्रॉन्कोजने २०१९ मध्ये ऑनसाइड किकला पर्याय म्हणून चौथ्या डाउनला १५ यार्डांचा प्रयत्न सुचवला. फिलाडेल्फिया ईगल्सने २०२० मध्ये तसाच प्रस्ताव आणला आणि पुढे २० यार्डांचा. एकही मंजूर झाला नाही. किक मारण्याचे कौशल्य हा खेळाचा अंगभूत भाग आहे आणि उत्तम क्वार्टरबॅक असलेल्या संघाला अशा नियमाचा अवाजवी लाभ होईल, असे विरोधकांचे म्हणणे आहे.

न सुटलेले गणित

आयव्ही लीगने धावांची संख्या घटवून दुखापती कमी केल्या; एनएफएलने धावा वाढवून प्रत्येक धावेतील धोका कमी करण्याचा मार्ग निवडला. दुसऱ्या मार्गात एक मेख आहे. दर निम्म्यावर आला, पण धावा तिपटीने वाढल्या, तर एकूण दुखापती पूर्वीपेक्षा अधिक होतील. म्हणून केवळ दराच्या आकड्यावरून यश मोजता येत नाही.

दुसऱ्या बाजूला रोजगाराचाही प्रश्न आहे. संघातील कित्येक खेळाडूंचे स्थान किकऑफसारख्या प्रसंगांतील कामगिरीवरच टिकून असते. मुख्यतः चेंडू परतवण्याच्या कौशल्यावर नाव कमावलेल्या डेव्हिन हेस्टर यांना २०२४ मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. किकऑफ पूर्णतः गेला असता, तर त्यांच्या वाटेने येऊ पाहणाऱ्यांचा मार्गच खुंटला असता.

एनएफएलमध्ये संघ केवळ ३२ आहेत. हा खेळ खेळणारे बहुसंख्य तरुण शाळा-महाविद्यालयांत आहेत आणि लग्रँड यांना इजा झाली तीही महाविद्यालयीन सामन्यातच. २०२५ च्या हंगामापर्यंत महाविद्यालयीन फुटबॉलने एनएफएलची नवी रचना स्वीकारलेली नाही. तेथे २०१८ पासून २५ यार्डांच्या आत निर्विरोध झेल घेतल्यास चेंडू २५ यार्डांवर मिळतो. मात्र धाव घेण्याचे ठरले, की दोन्ही संघ आजही जुन्याच पद्धतीने दुरून धावत येऊन एकमेकांना भिडतात.