ओंगणाचा थेंब

दिवाळीच्या आठवडाभर आधी मला एका दुकानातून बोलावणं आलं. भंडाऱ्यातलं नवीन, काचेचं, ढकलगाडी घेऊन किराणा भरायचं दुकान. समोर पेव्हर ब्लॉकचं पार्किंग, पांढरे पट्टे मारलेलं. एका पट्ट्याच्या आत भाकरीएवढा काळा डाग होता. त्यावरून एका बाईची स्कूटर घसरली होती. बाईला लागलं नव्हतं, साखरेची पिशवी मात्र फाटली होती.

"काकाजी, कोणत्या गाडीचं आहे एवढंच सांगा जी. मग पाइप मारून धुऊन टाकतो," मॅनेजर म्हणाला. त्याच्या वडिलांची जीप कधीकाळी माझ्याकडे येत असे.

मी उकिडवा बसलो, बोटावर थेंब घेतला, चोळला, हुंगला. स्वच्छ पाणी असलं तर ते एसीचं. लोक त्यालाच गळती समजून घाबरतात. हिरवट आणि गोडसर वासाचं असलं तर रेडिएटरचं कूलंट. लालसर असलं तर बहुतेक पॉवर स्टिअरिंगचं. जाड आणि गंधकासारखं उग्र असलं तर गिअरचं. हे काळं, जळकट, काजळी भरलेलं होतं, म्हणजे डिझेल इंजिनचं. चेंबरचं पॅकिंग नाहीतर क्रँकची सील गेलेली. गाडी तिथून निघून गेली होती, थेंब तेवढा राहिला होता. सेहेचाळीस वर्षं मी या थेंबावरच पोट भरलं, म्हणून त्याची कुळी मला ठाऊक आहे.

माझ्या आजोबांची बैलबंडी होती. तिच्या खाली बांबूचं एक नळकांडं लटकत असे. त्यात एरंडीचं तेल आणि तेलानं भिजलेल्या चिंध्या असत. बाजाराला निघण्याआधी चाक सैल करून आखाला ते चोपडायचं, याला आमच्याकडे 'बंडी ओंगणं' म्हणत. ओंगण नसलं की चाक असं कुरकुरायचं की गाव जागं व्हावं. जवस आमच्या भागात पिकतं, पण त्याचं तेल आखाला चालत नाही. हवा लागली की ते घट्ट होऊन चिकटतं. एरंडीचं तसं होत नाही, भार आला तरी ते धातूला धरून राहतं. बाजाराच्या तळावर बंड्या सोडल्या की प्रत्येक चाकाच्या तुंब्याखाली काळ्या थेंबांची ओळ पडायची. मुरमाची जमीन, वर शेणाचा थर. संध्याकाळपर्यंत सगळं जिरून जायचं आणि कोणाला त्यात वावगं वाटत नसे.

नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे १८८० च्या दशकात आली. पुढे ती १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेली. भंडारा रोड स्टेशन आजही गावापासून दूर, वरठीला आहे. आगगाडीच्या चाकांनाही ओंगण लागतच होतं. आखाच्या डब्यात सुताचं वेस्ट तेलात भिजवून कोंबायचं, आणि गाडी थांबली की तेलवाल्यानं झारी घेऊन डब्याडब्याशी वाकायचं. हिंदुस्थानातल्या जुन्या रेल्वेत एरंडीचं तेलही वापरलं जाई. म्हणजे आजोबांच्या नळकांड्यातलंच तेल, फक्त भांडं मोठं. इंग्लंडातल्या वेकफिल्ड कंपनीनं १९०९ साली मोटारीसाठी एरंडेल मिसळलेलं तेल काढलं आणि एरंडाच्या इंग्रजी नावावरून त्याला 'कॅस्ट्रॉल' म्हटलं. ओंगण असं डब्यात बसून परत आलं.

आम्ही गॅरेजवाले मात्र कोणत्याही कंपनीच्या इंजिन ऑइलला 'मोबिल' म्हणतो. ते मूळचं अमेरिकेतल्या व्हॅक्यूम ऑइल कंपनीच्या 'मोबिलऑइल'चं नाव. ही कंपनी १८६६ सालची. मी १९७४ साली चौदाव्या वर्षी उस्तादांच्या हाताखाली लागलो. त्याच वर्षी एस्सो ही तेलकंपनी सरकारजमा होऊन हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. पंपावरची पाटी बदलली, उस्तादांच्या तोंडचं मोबिल बदललं नाही.

आमच्याकडे तेव्हा जीप यायच्या, साहेबांच्या ॲम्बेसिडर यायच्या, आणि हायवेवरचे ट्रक. कलकत्त्याकडे जाणारा हायवे तेव्हा सहा नंबरचा होता, आता त्रेपन्न म्हणतात. गळत नव्हती अशी गाडी मी पाहिल्याचं आठवत नाही. चेंबरला कॉर्कचं पॅकिंग. ते उन्हाळ्यात सुकायचं, दाबलं की चिरायचं. नवं मिळालं नाही तर आम्ही जाड खाकी कागद इंजिनवर ठेवून हातोडीनं कडाकडानं ठोकायचो. कागद धारेवर कापला जायचा, बोल्टाची भोकंसुद्धा तशीच उमटायची. वर शेलॅकचं बोट फिरवलं की झालं पॅकिंग. गाडी नागपूरपर्यंत सुखानं जायची.

ॲम्बेसिडरनं मला खरा धडा दिला. तिच्या इंजिनाचा घाट इंग्लंडातल्या बीएमसी या मोटार कंपनीचा. क्रँकच्या मागच्या टोकाला सीलच नाही, नुसते उलटे आटे कापलेले. क्रँक फिरला की हे आटे तेल आत ओढतात. इंजिन बंद झालं, गाडी चढावर उभी राहिली, की तेल निवांत मागे उतरतं. ते क्लचवर जाऊ नये म्हणून घंटेसारख्या हाउसिंगच्या तळाला एक भोक, आणि त्या भोकात सैल सोडलेली कॉटर पिन. गाडीच्या हादऱ्यानं पिन हलते, भोक चिखलानं बुजत नाही, थेंब बाहेर पडत राहतो. नवशिका असताना मी ते भोक एम-सील लावून बंद केलं. आठ दिवसांत क्लच तेलात भिजून घसरायला लागला. उस्तादांनी कानाखाली वाजवली आणि म्हणाले, "गळती थांबत नसल तं तिले वाट दे."

वाट दिली. त्या वाटेच्या पुढे काय आहे, हे आम्ही विचारलं नाही.

बदललेल्या तेलाचं तसं नव्हतं, त्याचा थेंब वाया जात नसे. शेतकरी डबा घेऊन यायचे. बंडीच्या आखाला, दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून, आणि पुढे स्लॅबच्या सेंट्रिंग प्लेटांना काँक्रीट चिकटू नये म्हणून ते जायचं. १९८९ च्या नियमांनी वापरलेलं तेल घातक कचऱ्यात धरलं. आता ते परवानाधारक कारखान्यातच द्यायचं असतं. २०२४ पासून तेल बनवणाऱ्यांवरही ते परत गोळा करून शुद्ध करवण्याची जबाबदारी आली आहे. चांगलंच झालं. पण हा सगळा हिशेब डब्यातल्या तेलाचा. खाली पडलेल्या थेंबाची पावती कोणी फाडत नाही.

तो थेंब कुठे जातो हे मला ऑगस्ट २०२० च्या अखेरीला दिसलं. वैनगंगेनं शहरात पाय ठेवला तेव्हा माझं गॅरेज छातीएवढ्या पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर आत गेलो तर भिंतीवर पट्ट्यानं आखावी तशी काळी रेघ. पाण्यासोबत आलेल्या गाळाचा रंग वेगळा होता. ही रेघ बोटाला चिकटत होती. फरशीच्या भेगांत, जॅकच्या खड्ड्यात, दारातल्या मुरमात मी वर्षानुवर्षं जिरलं असं समजत होतो ते सगळं उठून वर आलं होतं. जमिनीनं गिळलं नव्हतं, नुसतं सांभाळून ठेवलं होतं. त्यानंतर मी गॅरेज उघडलं नाही.

तलावांच्या जिल्ह्यात हे मला आधी कळायला हवं होतं. कोहळी समाजानं बांधलेले तलाव, मालगुजारांच्या काळचे मामा तलाव, शेतातल्या बोड्या. आमच्याकडे उतारावरून निघालेलं पाणी बहुतेक कुठेतरी अडवलेलंच असतं. बेंजामिन फ्रँकलिननं लंडनजवळच्या क्लॅपहॅममध्ये एका तळ्यात चमचाभर तेल ओतलं होतं. १७७४ साली छापलेल्या निबंधात तो सांगतो की ते अर्ध्या एकरावर पसरलं. अर्धा एकर म्हणजे आमचे वीस गुंठे. मिनिटाला एक थेंब गळणारी गाडी दिवसाला साधारण ७० मिलिलिटर सोडते, म्हणजे चौदा चमचे. गुंठे ज्यानं त्यानं मोजावेत.

आता गाड्या पूर्वीसारख्या गळत नाहीत. रबराच्या सील, सिलिकॉनचं पॅकिंग, इंजिनाखाली प्लास्टिकचं झाकण. गळती कमी झाली आणि डाग दिसायला लागला, कारण मुरूम जाऊन पेव्हर आला. मॅनेजरला डागाची लाज वाटत होती. आम्हाला कधी वाटली नव्हती.

त्याचा पोऱ्या पाइप घेऊन आलाच होता. पार्किंगच्या कडेची नाली मी आधीच पाहून ठेवली होती.

"पानी नोको मारू, बाबू," मी म्हणालो. "राइस मिलातून पोतंभर तूस आन."

तूस आलं. डागावर पसरलं, पायानं रगडलं, अर्धा तास ठेवलं. धानाच्या जिल्ह्यात ते फुकटच मिळतं. काळं झालेलं तूस झाडून मी पिशवीत भरलं. पोऱ्यानं ती कचराकुंडीकडे नेऊ पाहिली, तर मी त्याच्या हातातून घेतली. ओळखीतल्या एका गॅरेजमधून वापरलेलं तेल नेणारी गाडी महिन्याला जाते, तेलकट चिंध्यांच्या पोत्यासोबत हीही देता येईल.

पिशवी स्कूटरच्या हुकला अडकवून घरी आलो. "काय आणलं?" बायकोनं विचारलं. मी म्हणालो, "ओंगण."