एकास चोवीस : छोट्या मोटारींचा इतिहास

स्मरणिका समितीने विषयाचे बंधन घातलेले नाही. शाळेच्या आठवणी बहुतेक जण लिहितील आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील, म्हणून मी माझ्या छंदाचा इतिहास लिहायचे ठरवले. गेली काही वर्षे मी मोटारी आणि ट्रक यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती जोडते, रंगवते आणि मनासारख्या बदलते. आपल्या ग्रुपवर फोटो टाकला की दोन प्रश्न हमखास येतात. "कुठून घेतलीस गं?" आणि "हे लहान मुलांचं खेळणं ना?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे : घेतली नाही, केली. दुसऱ्याचे उत्तर द्यायला जवळजवळ शंभर वर्षे मागे जावे लागते.

आधी 'प्रमाणबद्ध' म्हणजे काय ते सांगते. दिवाळीतला आपला किल्ला आठवा. महाराज बुरुजापेक्षा उंच, मावळा दरवाजात मावत नाही आणि पायथ्याला प्लास्टिकची जीप उभी. त्यात मजा होती, पण प्रमाण नव्हते. प्रतिकृतीत सगळे एकाच मापाने लहान व्हावे लागते. एकास चोवीस म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट इथे अर्धा इंच. साडेपाच फुटी माणूस पावणेतीन इंचांचा होतो. एकास त्रेचाळीस हे विचित्र वाटणारे माप ब्रिटिश खेळण्यातल्या आगगाड्यांमुळे आले. तिथे एका फुटाला सात मिलिमीटर असा हिशेब होता, आणि स्टेशनाबाहेर ठेवायच्या मोटारी त्याच मापाच्या झाल्या.

या छंदाला शिस्त लावण्याचे मोठे काम अमेरिकेत झाले, आणि ते मोटार कारखानदारांनीच केले. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० साली 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड' नावाची स्पर्धा सुरू केली. फिशरच्या बोधचिन्हात नेपोलियनच्या काळातली एक शाही घोडागाडी होती. तिची हुबेहूब प्रतिकृती मुलांनी घरी करायची. नकाशे कंपनी देई. लाकूड, धातू, कापड आणि चिकाटी मुलाची. दारे उघडली पाहिजेत, आत गाद्या हव्यात, चाके फिरली पाहिजेत. बक्षीस म्हणून विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या होत्या आणि त्या मंदीच्या काळात घराचे नशीब बदलू शकत होत्या. १९३७पासून स्वतःच्या कल्पनेतली मोटार करून पाठवण्याचीही सोय झाली. ही स्पर्धा १९६८पर्यंत चालली. कंपनीचा हेतू उघड होता : नाव घरोघरी जावे आणि हुशार हात लवकर सापडावेत. ते सापडलेही. १९४७चा विजेता चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या संपूर्ण डिझाइन विभागाचा प्रमुख झाला.

स्पर्धेच्या नियमात एक अट होती : फक्त मुलांसाठी. मुलींसाठी नाही. या अटीकडे मी पुन्हा येईन.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिक आले. मिशिगनमधली एएमटी ही कंपनी मोटार विक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करू लागली. रंगही कारखान्याच्या यादीतलेच. गिऱ्हाईक गाडी बघायला आले की त्याच्या मुलाच्या हातात ही गाडी द्यायची, म्हणजे घरी गेल्यावर मुलगा बापाला विसरू देणार नाही. सुरुवातीचे प्लास्टिक सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे असे आणि ते वर्षांनुवर्षे हळूहळू वाकत जाई. म्हणून त्या काळातल्या जुन्या गाड्यांची छते आणि तळ वाकडे दिसतात. पुढे स्टायरीन आले आणि तो प्रश्न मिटला.

खरे वळण आले १९५८ साली. एएमटीने त्याच गाड्या सुट्या भागांत, खोक्यात घालून विकायला काढल्या आणि एका खोक्यात तीन गाड्यांचे पर्याय दिले : कारखान्यातून निघते तशी, हौसेने सजवलेली, किंवा शर्यतीची. गाडी एकच होणार, पण कोणती ते मुलाने ठरवायचे. माझ्या मते या छंदाच्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची घटना आहे. फिशरची घोडागाडी हुबेहूब नकलेची परीक्षा होती. इथे पहिल्यांदा मुलाला विचारले गेले, 'तुला कशी हवी?'

आणखी एक गोष्ट आपोआप घडली. एक गाडी केली की उरलेल्या दोन पर्यायांचे भाग शिल्लक राहात. ते कोणी फेकत नसे. खोक्यात साठत जात. मग एका गाडीचे इंजिन दुसरीत, तिसरीची चाके चौथीला. त्या वेळी कॅलिफोर्नियात मोठी माणसे खऱ्या गाड्यांवर हेच करत होती : छत कापून खाली आणायचे, चकचकीत नळ्या बाहेर काढायच्या, ज्वाळा रंगवायच्या. जॉर्ज बॅरिस आणि एड रॉथ ही त्यातली गाजलेली नावे. त्यांच्या गाड्यांचे किट निघाले आणि मुले ते जोडता जोडता बदलू लागली. उरलेल्या भागांतून नवे काही जुळवण्याची ही सवय पुढे सिनेमापर्यंत पोहोचली. 'स्टार वॉर्स'मधल्या अवकाशयानांच्या पृष्ठभागावर रणगाडे, मोटारी आणि जहाजांच्या किटमधले शेकडो भाग चिकटवलेले आहेत. आम्ही सॉफ्टवेअरवाले दुसऱ्याने लिहिलेले तुकडे घेऊन नवी प्रणाली उभी करतो, ते याहून फार वेगळे नाही.

१९७०च्या सुमारास एएमटीने लांब पल्ल्याचे ट्रकही आणले, पीटरबिल्ट आणि केनवर्थसारखे. मोटारीपेक्षा ट्रक जोडणे अवघड, कारण त्यात काही लपत नाही. मोटारीचे पोट खाली असते; ट्रकची चासी, पाटे, हवेच्या टाक्या, ब्रेकच्या नळ्या सगळे उघड्यावर. इथे चिकटवणे म्हणजे खळ लावणे नव्हे. पातळ द्रावण दोन्ही कडा क्षणभर विरघळवते आणि प्लास्टिक एकजीव होते. एक प्रकारचे वेल्डिंगच. त्यामुळे रेल वाकडी बसली तर चारही चाके जमिनीला टेकत नाहीत, आणि मागे फिरता येत नाही. रंगाचेही गणित आहे. खऱ्या गाडीचा रंग तसाच वापरला तर छोटी गाडी गडद दिसते, आणि धातूची चमक असलेल्या रंगातले कण तिच्यावर वाळूसारखे दिसतात. क्रोमच्या पट्ट्यांसाठी केसासारखा पातळ धातूचा पत्रा चिकटवून, धारदार पात्याने कापून काढावा लागतो.

अमेरिकेने हौस दिली, तर काटेकोरपणा जपानने दिला. शिझुओका शहरात १९४६ साली लाकूड कापण्याचा कारखाना म्हणून तामिया कंपनी सुरू झाली. ती लाकडी मॉडेल करू लागली, पण परदेशी प्लास्टिक किटांपुढे लाकूड टिकेना, तेव्हा तिनेही प्लास्टिकची वाट धरली. शुन्साकु तामिया यांची एक गोष्ट मला फार आवडते. पोर्शची प्रतिकृती करायची म्हणून त्यांनी खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि माप घेण्यासाठी ती सुटी करून टाकली. त्या अभ्यासातून एकास बारा मापाची पोर्श ९३४ १९७६ साली बाजारात आली. ज्याची नक्कल करायची ते आधी आतून समजले पाहिजे, हा धडा इतक्या खर्चाने क्वचितच कोणी घेतला असेल.

आता त्या अटीकडे येते. खोक्यांवरच्या चित्रांत बहुधा बाप आणि मुलगा असत. जनरल मोटर्सने १९५०च्या दशकात काही स्त्री-डिझाइनर नेमल्या, त्यांचा गाजावाजाही केला, पण बहुतेकींना काम दिले ते गाडीच्या आतल्या सजावटीचे. तरी या इतिहासात एक मुलगी अगदी मोक्याच्या जागी उभी आहे. लंडनच्या लेस्नी कंपनीतले अभियंते जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत नियम होता : काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणायचे. त्यांनी तिच्यासाठी पितळेचा छोटासा रोडरोलर केला. वर्गातल्या सगळ्यांना तसा हवासा झाला आणि १९५३ साली 'मॅचबॉक्स' गाड्या सुरू झाल्या. शाळेच्या नियमातून इतके चांगले काही निघाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. शिक्षकवर्गाने क्षमा करावी.

आपल्याकडे कार्यानुभवाच्या तासाला मुले सुतारकामाला जात आणि मुली शिवणाला, हे सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा करवत हातात न मिळाल्याचा मला रागच होता. पण बाईंनी शिकवलेले बेतणे आज रोज उपयोगी पडते. आधी कागदावर बेतायचे, शिवणीची जागा सोडायची, उलटसुलट बघायचे, मगच कात्री लावायची. प्लास्टिकच्या पत्र्याला तोच नियम लागतो.

आणि पत्रा कापावा लागतोच, कारण आपल्या गाड्यांचे किट नाही. भारतात या उद्योगाचे तुकडेच पोहोचले. ब्रिटनच्या डिंकी टॉईजचे जुने साचे १९६०च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याला आले आणि त्यातून 'निकी टॉईज' निघाल्या. पण त्या तयार गाड्या, सुटे भाग नव्हेत, आणि बहुतेक गाड्या इंग्लंडच्या रस्त्यांवरच्या. खरे तर आपला ट्रक हाच मोठा किट आहे. १९५४पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक होऊ लागले, पण कारखान्यातून पुष्कळदा नुसती चासीच बाहेर पडे. लाकडी हौदा, केबिन, वरचा ताज, गोंडे, 'हॉर्न ओके प्लीज' आणि 'आईचा आशीर्वाद' हे सगळे गावोगावच्या बॉडीवाल्याच्या आणि पेंटरच्या हातचे. एएमटीने १९५८ साली मुलांना जी निवड दिली, ती आपल्या ट्रकमालकांकडे होतीच.

एस.टी.चेही तेच. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली गाडी धावली. पुढे चासी बाहेरून घ्यायची आणि बॉडी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत बांधायची, अशी पद्धत रुळली. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, रिबिटांच्या रांगा, खिडकीचे गज, मागची शिडी, टपावरचा कॅरियर. आता त्या जुन्या बॉडीच्या गाड्या भंगारात गेल्या. ज्या गाड्यांचे साचे कोणी केले, त्या शंभर वर्षांनीही पुन्हा छापता येतील. एएमटीचे जुने साचे आजही नव्या खोक्यांतून बाहेर पडत आहेत. ज्यांचे मापच कोणी घेतले नाही, त्या आठवणीबरोबर जातील. महाराष्ट्रात आणि केरळात काही हौशी लोक सनबोर्ड आणि फोमशीटमधून आपापल्या राज्याच्या बसगाड्या करतात, ते मला म्हणूनच इतिहासाचे काम वाटते.

सध्या माझ्या टेबलावर आपल्या वेळची लाल गाडी आहे, एकास चोवीस मापाची, साधारण सव्वा फूट लांबीची. रिबिटा पातळ पत्र्याला मागून टोचून उठवल्या आहेत. अडले आहे ते मागच्या बाजूला. शिडी डावीकडे होती असे मी म्हणते, घरचे उजवीकडे म्हणतात, आणि तिला किती पायऱ्या होत्या हे कोणालाच सांगता येत नाही. आपल्या सहलींचे फोटो कोणाकडे असतील तर कृपया पाठवा. आपण सगळे पुढे रांगेत उभे आहोत असे फोटो माझ्याकडेही आहेत. मला गाडीची पाठ दिसेल असा एक हवा आहे.