ऑर्गनायझरच्या कव्हरची कुळकथा

भेटींच्या वेळा, पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि टिपणे साठवणारा हातात मावेल असा इलेक्ट्रॉनिक ऑर्गनायझर प्रथम बाजारात आला, तेव्हा त्याच्यासाठी वेगळे कव्हर निवडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण संरक्षण हा यंत्राच्या बांधणीचाच भाग होता. लंडनच्या सायॉन कंपनीच्या १९८४ सालच्या 'ऑर्गनायझर'वर कळफलक झाकणारे सरकते कठीण आवरण होते. पुढे १९९१ च्या 'सीरिज ३' या यंत्राला शिंपल्यासारखी मिटणारी घडण मिळाली आणि पडदा व कळफलक दोन्ही आत झाकले गेले.

कळफलक काढून टाकल्यावर मात्र ही व्यवस्था मोडली. ॲपलच्या 'न्यूटन मेसेजपॅड'मध्ये (१९९३) आणि 'पाम पायलट'च्या घराण्यात (१९९६ पासून) स्टायलस, म्हणजे शाई नसलेली लेखणी, पडद्यावरच टेकवून लिहावे लागे, त्यामुळे यंत्राचा दर्शनी भाग जवळजवळ सगळा पडद्याने व्यापला. हा पडदा दाबाने चालणारा होता: वरचा लवचीक प्लॅस्टिकचा पापुद्रा दाबला की तो खालच्या थराला टेकत असे, आणि म्हणूनच त्यावर ओरखडे सहज उठत, तर खालची काच आघाताने फुटू शके. न्यूटनच्या १९९४ सालच्या आवृत्तीला वर उघडणारे झाकण आले आणि १९९८ च्या 'पाम थ्री'लाही तसेच देण्यात आले. परंतु अनेकांना त्याहून भक्कम आवरण हवे होते, आणि कातडी, निओप्रिन (फुगवलेले कृत्रिम रबर), ॲल्युमिनियम असे पर्याय विक्रीला आल्यावर निवड ही गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू झाली.

या निवडीचे निकष केवळ मजबुतीचे नव्हते. पामच्या पुढील बटणांपैकी कोणतेही दाबले की यंत्र चालू होई. कव्हर घट्ट असेल आणि पिशवीत ते बटण दाबलेलेच राहिले, तर ट्रिपल-ए आकाराचे दोन सेल उतरत, आणि विजेविना स्मृती टिकत नसल्याने नोंदीही पुसल्या जात. संगणकाशी नोंदी जुळवण्यासाठी यंत्र ज्या बैठकीत उभे करावे लागे, तीत जाड कव्हर मावत नसे. शिवाय काही कव्हरांत यंत्र पाठीला चिकटवलेल्या वेल्क्रोच्या पट्टीवर धरलेले असे, त्यामुळे ते सहज सुटे होई, पण पट्टी पाठीवर कायमची राही.

या अडचणीला १९९९ च्या 'पाम फाइव्ह'ने बांधणीतूनच उत्तर दिले: आयडिओ या अभिकल्प-संस्थेच्या सहभागाने घडलेल्या या ॲल्युमिनियमच्या यंत्राच्या दोन्ही कडांना खाचा होत्या, एकीत स्टायलस राही आणि दुसरीत कव्हरचा कणा सरकवता येई. उजव्या-डाव्या हाताच्या सवयीप्रमाणे त्यांची अदलाबदलही शक्य होती. अशा रीतीने यंत्रापासून सुटलेले संरक्षण पुन्हा त्याच्या आराखड्यात आले, मात्र या वेळी ते बदलता येण्याजोगे होते, आणि कोणते कव्हर घ्यावे हा निर्णय उत्पादकाकडून वापरणाऱ्याकडे गेला.