कुर्डीचं फेस्त



मुळशीच्या माणसाला धरण म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही त्यातली मोठी नावं. पाठ्यपुस्तकात असो वा नसो, हा विषय मी वर्गात घेत असे. तेव्हा एखादा पोरगा हमखास विचारायचा, "गुरुजी, माणसं वर आली, पण देवांचं काय झालं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर गोव्यातल्या कुर्डी गावाची हकिगत ऐकावी. नाव ओळखीचं वाटलं ना? गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर इथल्याच. सांगे तालुक्यातलं, साळावली नदीच्या काठचं हे गाव. भातशेती, नारळ, काजू, फणस. हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान शेजारीशेजारी नांदत. देवळं होती, दर्गा होता आणि ख्रिस्ती मंडळींचं कपेल होतं. कपेल म्हणजे मोठ्या चर्चच्या अखत्यारीतलं वाडीवरचं छोटं प्रार्थनामंदिर.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. पुढे साळावलीवर धरण बांधायचं ठरलं. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात आले आणि या पाण्याने सगळ्या दक्षिण गोव्याचं भलं होईल असं त्यांनी सांगितलं, ही आठवण कुर्डीकर अजून काढतात. गावात तेव्हा सुमारे ३००० माणसं होती. ती वाडे आणि वालकिणी इथल्या वसाहतींत गेली, आणि १९८६ च्या सुमारास गाव पाण्याखाली गेलं.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येऊ. कुर्डीचं महादेवाचं देऊळ शेकडो वर्षं जुनं, कदंबकाळातलं. पुरातत्त्व खात्याने त्याचे दगड क्रमांक घालून सुटे केले आणि सुमारे १७ किलोमीटरवर, धरणाजवळ, ते जसंच्या तसं पुन्हा उभं केलं. काम उत्तम झालं, यात शंका नाही. मात्र देऊळ एकीकडे आणि त्याचं गाव दुसरीकडे, असं झालं.

कपेल तिथेच राहिलं. पण मे महिन्यात पाणी ओसरतं, चिखल वाळतो, भिंतींची जोती आणि जुन्या वाटा दिसू लागतात. तेव्हा कुर्डीचे ख्रिस्ती लोक तिथे जमून कपेलाचं फेस्त करतात. हिंदू मंडळी सोमेश्वराच्या देवळाचा उत्सव करतात. मग पाऊस येतो आणि पुन्हा सारं बुडतं.

मी विचार करतो, ही माणसं का येत असतील? कॅथलिकांची मिस्सा काही एका इमारतीला बांधलेली नसते. पाद्री आला आणि वेदी मांडली की ती माळावरही होते. नव्या वस्तीत प्रार्थनेची अडचण होती म्हणून ती येतात, असं म्हणता येणार नाही. मला वाटतं, सरकारने घराला घर आणि जमिनीला जमीन दिली तरी शेजार द्यायची सोय कुठल्याच कायद्यात नसते. पांगलेलं गाव एकमेकांना भेटायला एक दिवस मागतं, आणि तो दिवस देवाच्या नावाने मिळतो.

आपल्या पुणे जिल्ह्यातही उजनीत पळसनाथाचं देऊळ आणि पवनेत वाघेश्वर पाणी उतरलं की दर्शन देतात. वर्तमानपत्रांत फोटो येतात, सहलीला गाड्या जातात. बघायला जाणं आणि आपलं म्हणून जाणं यात फरक आहे. कुर्डीच्या लोकांनी तो फरक जपला, कारण गाव सोडलेली पिढी अजून हयात आहे आणि ती नातवंडांना हाताला धरून नेते.

मुळशीच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं उलटली. आपल्याकडे ती पिढी कधीच संपली. म्हणून नातेवाइकांना एक विनंती. आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेली बुडीत गावांची, वाड्यांची, शेतांची, ग्रामदैवतांची नावं ज्याला आठवतील त्याने लिहून ठेवावीत. जत्रा कोणत्या महिन्यात भरायची, पालखीला खांदा कोण द्यायचं, हेही लिहावं. धरण आता हलणार नाही. पण त्या वर्गातल्या पोराला कधीतरी नेमकं उत्तर देता यायला हवं.